रहिवासी संघ काढलाय, पण तक्रारींच्या पुढे गाडी सरकत नाही. कसं करता तुम्ही?

पायवाट

नमस्कार. चार महिन्यांपूर्वी आम्ही आमच्या भागातल्या लोकांचा एक संघ काढला. साधारण १४० घरं आहेत. ग्रुपवर २१२ जण, आणि महिन्याच्या बैठकीला येतात नऊ. मला सचिव केलंय, कारण त्या दिवशी वही-पेन माझ्या हातात होतं.

अडचणी सगळ्यांना ठाऊक आहेत. रस्त्यावरचे दिवे बंद, कोपऱ्यावर पावसाचं पाणी साचतं, शाळेसमोरून गाड्या सुसाट जातात, आणि एका मोकळ्या प्लॉटवर लोक कचरा आणून टाकतात. पहिल्याच बैठकीत आम्ही २३ मागण्यांचं निवेदन तयार केलं. १७ सह्या घेतल्या, पालिकेच्या कार्यालयात जाऊन दिलं. तिथल्या बाईंनी ते नीट घेतलं, शिक्का मारून दिला. त्याला आता तीन महिने झाले. एकही काम झालेलं नाही.

आता लोक मला विचारतात, "संघाचा उपयोग काय?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं. ग्रुपवर रोज फोटो पडतात, रोज चिडचिड होते. मागच्या आठवड्यात वर्गणीच्या हिशोबावरून दोघांचं वाजलं, त्यातला एक जण बाहेर पडला. चांगला माणूस होता, कामाचा होता.

माझे प्रश्न: संघाची नोंदणी आधी करावी का? सुरुवात कुठल्या कामापासून करावी? लोकांना बैठकीला आणायचं कसं? आणि निवडणूक जवळ आली की जे मदत करायला येतात त्यांच्याशी कसं वागायचं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं. मला हे अर्ध्यावर सोडायचं नाहीये.

दवबिंदू

नोंदणीबद्दल माझं मत: घाई नको, पण टाळूही नका. बँकेत खातं काढायचं असेल, कुणाकडून देणगी घ्यायची असेल, तर नोंदणी असलेली बरी. नुसता पाठपुरावा करायचा असेल तर पहिलं वर्ष तिच्यावाचून निघतं. घटना मात्र आजच लिहून काढा, एक पान पुरे. सदस्य कोण होऊ शकतो, गणपूर्ती किती (म्हणजे बैठकीला कमीत कमी किती जण हवेत), पदाधिकारी किती वर्षांनी बदलणार, पैसे खर्च करायला कुणाकुणाच्या सह्या लागणार, एवढं त्यात हवं. भांडण व्हायच्या आधी लिहिलेला नियम सगळे मानतात. झाल्यावर लिहिला तर तो कुणाविरुद्ध तरी आहे असंच वाटतं.

दुसरं, पालिकेचा अर्थसंकल्प कधी ठरतो ते शोधा. फूटपाथ, नवी गटारं ही मोठी कामं नुसत्या तक्रारीने होत नाहीत, त्यांच्यासाठी आधी तरतूद लागते. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्त्यावस्त्यांत सभा घेऊन लोकांनाच खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवायला सांगितलं. तशी पद्धत तुमच्याकडे नसेलही, पण वेळापत्रक सगळीकडे असतं. आकडे ठरून गेल्यावर दिलेलं निवेदन वर्षभर पडून राहतं.

वहीवाली

पायवाट, मी आमच्या भागाच्या संघाची १३ वर्षं सचिव आहे. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही आज जिथे आहात तिथेच आम्ही पहिली दोन वर्षं अडकून पडलो होतो.

२३ मागण्यांचं निवेदन एका टेबलावर गेलं, पण त्या २३ कामांची टेबलं वेगवेगळी आहेत. दिवे एका खात्याकडे, झाडं दुसऱ्याकडे, गटार तिसऱ्याकडे, वाहतूक चौथ्याकडे. त्यामुळे तो कागद कुणाचाच झाला नाही. ज्या बाईंनी शिक्का मारून दिला त्यांना तो पुढे कुणाकडे पाठवायचा हेच कळलं नसणार. एक काम, एक कागद, एक पोचपावती. एवढं बदला, निम्मा फरक तिथेच पडेल.

उरलेला निम्मा फरक पायी फिरल्याने पडतो. तुम्ही "दिवे बंद" असं लिहिलंय. आम्हीही तसंच लिहायचो. मग एका रात्री पाच जण वही घेऊन निघालो. दिव्याच्या प्रत्येक खांबावर क्रमांक असतो, रंगाने लिहिलेला किंवा पत्र्याच्या पट्टीवर. एकूण ४१ खांब भरले, त्यातले १२ "बंद". पण प्रत्येकाखाली थांबून वर पाहिलं तेव्हा कळलं की चारच दिवे खरोखर गेलेले आहेत. पाच चालू होते, पण फांद्यांनी इतके वेढलेले की उजेड खाली पोचतच नव्हता. आणि तीन ओळीने एकामागोमाग बंद होते, म्हणजे दोष दिव्याचा नाही, त्या तिघांना जाणाऱ्या वायरीचा. मग तीन अर्ज केले. पाच खांबांचा अर्ज झाडांच्या खात्याकडे गेला, बाकीचे दोन दिव्यांकडे. आधी दोन वर्षं दिव्यांचा माणूस शिडी घेऊन यायचा, दिवा चालू आहे असं पाहायचा आणि "तक्रार निकाली" लिहून जायचा. त्याचं काहीच चुकत नव्हतं. चुकीची गोष्ट आम्ही सांगत होतो.

कोपऱ्यावरच्या पाण्याचंही तेच झालं. ते लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण संघाचं काम काय असतं हे मला त्या दिवशी समजलं. "गटार साफ करा" म्हणून आमचे सहा अर्ज गेले होते. सहा वेळा माणसं आली, गाळ काढला, आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा घोट्यापर्यंत. एका दुपारी जोराची सर आली तेव्हा मी आणि कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा छत्री घेऊन तिथे उभे राहिलो. पाणी जाळीकडे जात होतं, जाळीच्या कडेपर्यंत पोचत होतं, आणि तिथून बाजूला वळत होतं. आजोबा खाली वाकले, हात लावून बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही उंच बसवलीय." जाळी बदलताना तिची चौकट सिमेंटमध्ये वर बसवलेली होती. पाऊस थांबल्यावर आम्ही सरळ लाकडी पट्टी आडवी धरली आणि फुटपट्टीने मोजलं. रस्त्यापासून ६ सेंटिमीटर वर. पाणी एवढं चढल्याशिवाय आत शिरणारच नव्हतं. पट्टी आणि फुटपट्टी दोन्ही दिसतील असा फोटो काढला. सातव्या अर्जात "पाणी तुंबतं" हा शब्दही नव्हता. "जाळीची चौकट रस्त्यापेक्षा ६ सेंमी उंच आहे, ती खाली घ्यावी" एवढं एकच वाक्य आणि फोटो. १९ दिवसांत काम झालं.

त्या दिवसापासून आमच्या संघाचा नियम आहे: त्रास नाही, कारण लिहायचं. कारण कळलं नाही तर निदान माप लिहायचं.

आता वही. माझं टोपणनाव तिच्यावरूनच आहे. एका ओळीत तारीख, जागा, नेमकं काय, कुणाला दिलं, पोचपावतीचा क्रमांक, आणि पुन्हा विचारायला जायची तारीख. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पाठपुरावा म्हणजे आठवण झाली की जाणं नव्हे, ठरलेल्या तारखेला जाणं. आमच्या १३ वर्षांत त्या भागाचे सहा अभियंते बदलले. प्रत्येक नव्या माणसाला आधीच्याने काय केलं हे पूर्ण माहीत नसायचं. मात्र आमच्या वहीत असायचं. मागच्या वेळी आलेले साहेब तर स्वतः फोन करून म्हणाले, "त्या गल्लीतली पाइप कुठून वळवली होती ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना?" होतं लिहिलेलं, तारखेसह. माणसं बदलतात, रहिवासी घर सोडून जातात, ग्रुपवरचे फोटो वर सरकून नाहीसे होतात. संघाने काही जपायचं असेल तर ही आठवण जपावी.

तक्रार सगळ्यांना दिसेल अशी ठेवण्याचाही उपयोग होतो. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये 'फिक्समायस्ट्रीट' नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. नकाशावर खड्ड्याची जागा दाखवली की तक्रार त्या भागाच्या कौन्सिलकडे जाते आणि कुणालाही वाचता येते. शेजाऱ्याने आधीच लिहिलंय हे दिसलं की तीच तक्रार दहा जण दहा वेळा करत नाहीत. आम्ही हेच एका फळ्यावर केलं. डावीकडे चालू कामं, उजवीकडे झालेली. वर्गणीचा जमाखर्च त्याच फळ्याखाली, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पावत्यांसकट. तुमच्याकडे जे दोघांचं वाजलं ते बहुधा पैशावरून नाही, न दिसणाऱ्या पैशावरून वाजलं. जे गेले त्यांना पुन्हा एकदा भेटा. हिशोब घेऊन जा, आणि तपासायचं काम त्यांनाच द्या.

बैठकीला लोक येत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याला बोलायला जमत नाही तो मोजायला येतो. शाळेसमोरच्या गाड्यांसाठी आम्ही बैठक घेतलीच नाही. चार दिवस, शाळा सुटायच्या वेळी, दोन-दोन माणसांनी अर्धा तास उभं राहून मुलं रस्ता कुठून ओलांडतात त्याच्या रेघा मारल्या. १४ जण आले, त्यातले नऊ जण कधीच बैठकीला न आलेले. आणि रेघा बघून आम्ही थक्क झालो. बहुतेक मुलं पांढऱ्या पट्ट्यांवरून जातच नव्हती, ३० पावलं अलीकडून जात होती, कारण फूटपाथ तिथेच संपत होता. आमची मागणी होती "पट्टे पुन्हा रंगवा". ती बदलून आम्ही लिहिलं, "पट्टे मुलं जिथून जातात तिथे आणा आणि अलीकडे उंचवटा करा." वेगाचं गणितही जोडलं: ताशी ५० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, ३० ने गेली तर सुमारे ८. मूल अचानक पुढे आल्यावर पायाखाली ब्रेक सापडेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यातला हा फरक आहे.

हे काम मला फार जवळचं आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात ४०० हून अधिक मुलं रस्त्यांवर दगावली. पुढच्या वर्षी तिथे पालकांची चळवळ उभी राहिली, तिचं नावच होतं 'मुलांचे खून थांबवा'. त्याच्या थोडं आधी डेल्फ्ट शहरातल्या रहिवाशांनी आपल्या गल्ल्यांमध्ये झाडं, बाकं, वळणं घालून गाड्यांना माणसाच्या चालीने जायला लावलं होतं. त्या गल्ल्यांना ते 'वूनएर्फ' म्हणतात, म्हणजे राहण्याचं अंगण. १९७६ मध्ये सरकारने या रचनेला कायद्यात जागा दिली. आधी गल्ली, मग कायदा. लोकांनी आधी करून दाखवलं म्हणून सरकारला ते नियमात बसवता आलं.

निवडणुकीबद्दल थोडक्यात. सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच जागी बोलवा, वहीतली पाच अपुरी कामं वाचून दाखवा, उत्तरं लिहून फळ्यावर लावा. संघाचा पदाधिकारी स्वतः उभा राहणार असेल तर त्याने आधी पद सोडावं. हेही घटनेत घाला.

आणि काम झालं की आभाराचं पत्र द्या. ज्याने चौकट खाली घेतली त्या माणसाचं नाव घालून, त्याच्या साहेबांना. आम्ही प्रत्येक वेळी देतो. तक्रारीचे कागद त्यांच्याकडे ढिगाने असतात.

नकाशा

वहीवालींचं लिखाण आवडलं, पण दुसरी बाजू मांडतो. मी सहा वर्षं एका भागात भाड्याने राहिलो. तिथला संघ कामसू होता, वह्याही होत्या. पण सदस्यत्व फक्त घरमालकांना. त्यांनी केलेल्या "सुधारणा" सांगतो: मधल्या गल्लीला फाटक लावलं, त्यामुळे पलीकडच्या वस्तीतल्या मुलांना शाळेसाठी मोठा वळसा पडला. झाडाखालचा बाक काढला, कारण "बाहेरचे लोक" बसतात. मी विरोधात बोलायला उभा राहिलो तर मला सांगितलं, तुम्हाला मत नाही. मी कर भरत होतो, त्याच नळाचं पाणी पीत होतो, माझी मुलगी त्याच रस्त्यावर सायकल शिकली. संघ कामाला लागला की तो नेमका कुणासाठी काम करतो हा प्रश्न आधी विचारावा असं मला वाटतं. अजूनही त्या फाटकाचा राग येतो.

वहीवाली

नकाशा, तुमचा राग रास्त आहे. बाकाची चूक आमच्याकडूनही झाली. रात्री मुलं बसून गोंगाट करतात म्हणून बैठकीत ठराव झाला, ११ विरुद्ध २, आणि बाक काढला. सात महिन्यांनी कळलं की एक आजी बसथांब्यापर्यंत चालत जाताना त्या बाकावर टेकायच्या. बाक गेल्यापासून त्यांनी बाहेर पडणंच बंद केलं होतं. त्या कधी बैठकीला आल्या नव्हत्या, त्यामुळे आम्हाला त्या दिसल्याच नाहीत. बाक परत बसवला. गोंगाटासाठी त्या मुलांशीच जाऊन बोललो, ते आधीच करता आलं असतं. मला आजही त्या सात महिन्यांचं वाईट वाटतं.

त्यानंतर आम्ही घटना बदलली. भागात राहतो तो सदस्य, घर कुणाचं का असेना. कार्यकारिणीत दोन जागा भाडेकरूंसाठी, एक १८ ते २५ वयाच्या कुणासाठी. आणि रस्ता, बाक, फाटक, झाड यातलं काही काढायचं असेल तर आधी दोन आठवडे तिथे कागद लावायचा: "हे काढायचा विचार आहे. तुम्ही वापरता का?"

अमेरिकेत बोस्टन शहरात डडली स्ट्रीट भागात हेच घडलं होतं. १९८० च्या दशकात तिथे शेकडो प्लॉट ओस पडले होते, बाहेरून ट्रक येऊन कचरा टाकून जायचे. मदत करू पाहणाऱ्या संस्थांनी त्या भागासाठी संघटना काढायचं ठरवून तिच्या मंडळाचा आराखडा केला, त्यात रहिवाशांच्या जागा मोजक्याच होत्या. पहिल्याच मोठ्या सभेत लोकांनी त्याला हरकत घेतली आणि मंडळात रहिवाशांचं बहुमत करून घेतलं. तिथे राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांना सारख्या जागा दिल्या. याच संघटनेला १९८८ मध्ये शहराने त्या भागातल्या ओसाड जमिनी संपादन करण्याचा अधिकार दिला. सगळ्यांच्या वतीने बोलता येत होतं म्हणून एवढा मोठा अधिकार मागता आला, असं मला वाटतं.

दवबिंदू

पायवाट, तुमच्या मोकळ्या प्लॉटसाठी एक उदाहरण. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड प्लॉट घेऊन प्रयोग केला गेला. चिठ्ठी टाकल्यासारखे काही निवडले, तिथला कचरा काढला, जमीन सारखी केली, गवत आणि थोडी झाडं लावली, आणि भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. गरीब वस्त्यांमध्ये अशा प्लॉटच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. कुंपण बुटकं होतं हे लक्षात घ्या. त्यातून माणूस आत येऊ शकतो, कचऱ्याचा ट्रक नाही. आधी प्लॉटचा मालक शोधा, लेखी परवानगी घ्या. आणि साफ केल्यानंतर गवत कोण कापणार ते ठरल्याशिवाय हात घालू नका, नाहीतर तीन महिन्यांत होतं तसं होईल.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फिरलो. सात जण आले, आणि एक दहा वर्षांची मुलगी आईबरोबर. तिने टॉर्च धरला आणि खांबांचे क्रमांक मोठ्याने वाचले. ३४ खांब, नऊ बंद वाटणारे. त्यातले सहा फांद्यांत अडकलेले निघाले! चार महिने आम्ही भलत्याच खात्याला शिव्या देत होतो. जे सोडून गेले होते त्यांच्या घरावरूनच आमचा रस्ता होता. ते फाटकाशी उभे होते. मी फक्त म्हटलं, "हिशोबाची वही उद्या आणू का तुमच्याकडे?" ते "आणा" म्हणाले, आणि मग शेवटच्या पाच खांबांपर्यंत आमच्याबरोबर आले.

एक अडचण आहे. बंद दिव्यांपैकी एका खांबावर क्रमांकच नाही, रंग पूर्ण उडालाय. अर्जात तो कसा दाखवू?

वहीवाली

अलीकडच्या आणि पलीकडच्या खांबांचे क्रमांक लिहा, "या दोहोंमधला" असं म्हणा, समोरच्या घराचा क्रमांक द्या. दोन्ही शेजारचे खांब दिसतील असा दिवसा एक फोटो काढा. आणि त्याच अर्जात दुसरी ओळ टाका की खांबावर क्रमांक रंगवून मिळावा. फांद्यांचा अर्ज वेगळा. पोचपावती मिळाली की पुढच्या रकान्यात १५ दिवसांनंतरची तारीख लगेच लिहा, तिथेच उभ्याउभ्या.